छोट्या बोटीतल्या ओट्यासाठी सिंक: गोल घ्यावं की चौकोनी? (मदत हवी आहे)

मंडळी,

साडेसात मीटरची शिडाची बोट आहे. जुनं सिंक काढलं तर त्याच्या काठाखालचं प्लायवूड हाताने सोलून निघालं, म्हणून आता अख्खा ओटाच नवीन करतोय. बाकी सगळं ठरलं. आठवडाभर गाडी अडलीय ती सिंकच्या आकारावर.

ओटा एल आकाराचा आहे. लांब बाजू बोटीच्या कडेला लागून, तिच्यावर दोन बर्नरची झुलती शेगडी. आखूड बाजू केबिनच्या मध्याकडे येते. सिंक शेगडीच्या शेजारी, कडेला चिकटून बसवायचं मनात आहे, म्हणजे आखूड बाजू चिराचिरीला मोकळी राहील. सिंकला जागा मिळतेय बोटीच्या रुंदीच्या दिशेने ४५ सेंमी आणि लांबीच्या दिशेने ४२.

डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत. पहिलं गोल: काठाशी व्यास ३०, तळाशी २४, खोली १८ सेंमी. दुसरं चौकोनी: ४० बाय ३४, पण खोली फक्त १३. तिसरं म्हणजे दोन चिमुकली सिंकं शेजारी-शेजारी, एकात घासायचं, दुसऱ्यात विसळायचं. माझा कल गोलाकडे आहे. कोपरे नाहीत, खरकटं अडकत नाही आणि दिसायलाही छान. पण घरच्यांचं म्हणणं, "त्यात ताटली आडवी तरी बसेल का?" आमच्या ताटल्या २७ सेंमीच्या आहेत. गोड्या पाण्याची टाकी ६० लिटरची, त्यामुळे पाणी जपून वापरावं लागतं.

ज्यांनी बोटीवर खरोखर भांडी घासली आहेत त्यांनी कृपया सांगावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

आकाराचं नंतर बघू. आधी दोन मापं द्या: ओट्याची वरची पातळी जलरेषेपासून (म्हणजे बाहेरच्या पाण्याच्या पातळीपासून) किती उंच आहे, आणि सिंकचा मध्य बोटीच्या मध्यरेषेपासून किती लांब येतो?

धागाकर्ता

आत्ताच टेप लावून आलो. ओटा जलरेषेच्या ५५ सेंमी वर आहे. सिंक कडेला बसवलं तर मध्यरेषेपासून ७० सेंमीवर येईल. याचा आकाराशी काय संबंध?

प्रतिसाद १

आहे, आणि बराच आहे. २० सेंमी खोल सिंक घेतलं की त्याचा तळ जलरेषेच्या ३५ सेंमी वर राहतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीत मजेत निचरा होईल. आता बोट सिंकच्या बाजूला कलली असं धरा. २० अंशांना मध्यरेषेपासून ७० सेंमीवरची वस्तू २४ सेंमी खाली जाते, शिवाय कलल्यामुळे मूळची ३५ची उंचीही दोनेक सेंमीने घटते, म्हणजे तळ जेमतेम ९ सेंमी वर उरला. ३० अंशांना तर तळच पाण्याच्या ४-५ सेंमी खाली! मग निचऱ्याच्या नळीतून समुद्र उलटा वर येतो. बोटीत सामान भरलं की जलरेषा आणखी वर सरकते, ते वेगळंच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या आधीच्या बोटीत सिंक असंच कडेला होतं. एका दुपारी वारा वाढला, बोट कलली, आणि खाली येऊन बघतो तर सिंक काठोकाठ भरलेलं, चमचे तरंगायचेच काय ते बाकी. बूच लावलं तर पाण्याच्या दाबाने उडालं. शेवटी हलमधला सीकॉक, म्हणजे बोटीच्या बुडाला नळी जिथे बाहेर पडते तिथली झडप, बंद केला तेव्हा थांबलं. त्यानंतर प्रत्येक वेळी भांडी घासायची तर आधी बोट दुसऱ्या बाजूला वळवा, असा खेळ दोन वर्षं चालला.

तेव्हा सिंक आखूड बाजूला न्या. तिथे मध्यरेषेपासून ४५ सेंमीवर बसलं तर ३० अंशांनाही तळ साधारण ८ सेंमी वर राहील. चिराचिरीसाठी सिंकवर घट्ट बसेल असा पाट करून घ्या, गेलेली जागा परत मिळते. सीकॉक मात्र हाताला लागेल असाच ठेवा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. आता आकाराबद्दल.

१३ सेंमी खोलीचं सिंक मी फुकट दिलं तरी घेणार नाही. कललेल्या बोटीत पाण्याची पातळी सिंकमध्ये तिरकी होते. सिंक बोटीच्या रुंदीच्या दिशेने ४० सेंमी असेल तर २० अंशांना खालच्या बाजूचं पाणी ७ सेंमीहून जास्त चढतं. म्हणजे तुम्ही ६ सेंमी पाणी घेतलंत की ते काठाला टेकलं, आणि वर एक लाट आली की तुमच्या पायांवर. तीच रुंदी ३० सेंमी असेल तर साडेपाचच सेंमी चढतं. म्हणून अरुंद बाजू रुंदीच्या दिशेने, लांब बाजू बोटीच्या लांबीच्या दिशेने, आणि खोली निदान १८ ते २०.

गोल सिंकची तुम्ही केलेली स्तुती खरी आहे, पत्राही कमी दबतो. पण तळाशी २४ सेंमी म्हणजे २७ची ताटली तिरकी अडकणार आणि तिच्यावर पडलेलं पाणी थेट बाहेर. कडेने बोटं घालायलाही जागा नाही. माझं मत: ३० बाय ३६, कोपरे चांगले गोलाई दिलेले. काटकोनी कोपऱ्यांची सिंकं हल्ली फार दिसतात, पण स्पंज तिथे पोचत नाही, आणि बोटीत तो वास दोन फुटांवर झोपणाऱ्याला येतो.

दोन सिंकांबद्दल: ४५ सेंमीत दोन बसवलीत तर एकातही पातेलं मावणार नाही. त्यापेक्षा मोठ्या सिंकमध्ये बसणारा एक प्लास्टिकचा टब घ्या. टबात घासा, बाहेर विसळा. पाणीही कमी लागतं.

प्रतिसाद ३

निचऱ्याचं भोक तळाच्या मधोमध हवं. कोपऱ्यात असलं तर खालच्या कपाटात जागा मोकळी होते हे खरं, पण बोट उलट्या बाजूला कलली की थारोळं तसंच राहतं. नळी सरळ उताराची ठेवा. मध्ये झोळ पडला तर पाणी साचून कुजतं. स्टील ३१६ प्रतीचं मिळालं तर ३०४ प्रतीपेक्षा बरं, खाऱ्या पाण्याने लवकर ठिपके पडत नाहीत.

अवांतर: नळाची उंची बघा. खोल सिंक आणि बुटका नळ असला की पातेलं खाली जातच नाही. दुमडणारा नळ घेतलात तर वरचा पाटही सपाट बसेल.

प्रतिसाद ४

पायपंप बसवा हो! हात मोकळे राहतात, आणि दाबाल तेवढंच पाणी येतं. जमलं तर दुसरा पायपंप समुद्राच्या पाण्याला. पाणी स्वच्छ असेल तिथे खाऱ्याने घासायचं, शेवटचा हात गोड्याने.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुठ्ठ्याचं ३० बाय ३६ बाय २० चं खोकं करून आखूड बाजूला ठेवलं आणि त्यात ताटल्या, पातेली घालून बघितली. ताटली आडवी बसली, बोटंही जातात. घरच्यांनी "मी म्हटलंच होतं" असं एकदाच म्हटलं, हे नशीब.

एक अडचण मात्र निघाली. २० सेंमी खोलीमुळे खालचा ड्रॉवर मागे आपटतोय. ड्रॉवर ८ सेंमी कापून आखूड करणार. नाहीतरी त्याच्या मागच्या भागात काय पडलंय हे कोणालाच माहीत नव्हतं. उघडला तर तीन बुचं सापडली, जुन्या सिंकची.