ब्लाँडीचे ‘हार्ट ऑफ ग्लास’: रॉक बँडने डिस्को का वाजवले?

प्रश्न: फोंड्याचा गिटारवादक

नमस्कार. आम्ही चार मित्र डिसेंबरातील एका कार्यक्रमासाठी न्यू यॉर्कच्या ब्लाँडी या बँडचे ‘हार्ट ऑफ ग्लास’ बसवत आहोत. आमच्या ड्रमरचे म्हणणे असे की हे गाणे रॉक बँडने वाजवण्यासारखे नाही, कारण डिस्कोची लाट आल्यावर रेकॉर्ड कंपनीने ते या बँडच्या गळ्यात मारले. मला हे गाणे मनापासून आवडते, परंतु त्याला उत्तर देण्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही. जाणकारांनी या गाण्याचा इतिहास सांगावा, ही विनंती.

उत्तर १: मडगावकर, बास गिटार

आपल्या मित्राचा समज कालक्रमावरच टिकत नाही. बँडची गायिका डेबी हॅरी आणि गिटारवादक क्रिस स्टाइन यांनी हे गाणे १९७४-७५ च्या सुमारास रचले, तेव्हा बँड नवा होता आणि सीबीजीबी या क्लबमध्ये, पंक हे बंडखोर, उग्र रॉक ज्या वर्तुळात आकाराला येत होते त्याच वर्तुळात, वाजवत होता. पहिला डेमो, म्हणजे कच्चे ध्वनिमुद्रण, १९७५ चा आहे. तेव्हा त्याचे नाव ‘वन्स आय हॅड अ लव्ह’ असे होते आणि बँडमधील मंडळी त्याला आपसात ‘डिस्को साँग’ म्हणत. ज्या ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’मुळे डिस्को घरोघर पोहोचले तो चित्रपट १९७७ च्या डिसेंबरात आला, म्हणजे लाट उसळण्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून हे गाणे त्यांच्याजवळ होते.

मात्र ते नीट बसत नव्हते. वेगवेगळ्या लयींत वाजवून पाहिले, बाजूला ठेवले, पुन्हा काढले. १९७८ मध्ये ‘पॅरलल लाइन्स’ या तिसऱ्या अल्बमसाठी निर्माता माइक चॅपमन याने त्यांची जुनी-नवी गाणी ऐकली, तेव्हा या बाजूला पडलेल्या गाण्यात त्याला ताकद दिसली. तोवर बँडच्या कानांत क्राफ्टवर्क या जर्मन गटाचे यांत्रिक संगीत भिनले होते, आणि जुन्या चालीला तो इलेक्ट्रॉनिक पोशाख चढवल्यावर आज आपण ऐकतो ते रूप तयार झाले. जानेवारी १९७९ मध्ये ‘सिंगल’, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र तबकडी, म्हणून आलेले हे गाणे ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि एप्रिलअखेर अमेरिकेतही अव्वल ठरले. अमेरिकेत त्याआधी या बँडचे एकही गाणे गाजलेले नव्हते.

उत्तर २: म्हापशाचा तबलावादक

वरील उत्तरात लयीची बाजू राहून गेली आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गाण्याच्या आरंभी जी टकटक ऐकू येते ती रोलंड सीआर-७८ या ड्रम मशीनची आहे. हे यंत्र १९७८ मध्येच बाजारात आले होते. ब्लाँडीचा क्लेम बर्क हा अत्यंत जोरकस हाताचा रॉक ड्रमर, आणि त्याला न ढळणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर ठोका ठेवून वाजवायचे होते, ज्यासाठी स्टुडिओत तासन् तास खपावे लागले. आपल्याकडे लग्नाच्या रिसेप्शनला एकट्या माणसाचा कीबोर्ड आला की ड्रमरची खुर्ची रिकामी होते, हे आपण सर्वच पाहतो आणि मला त्याचे दुःख आहे. म्हणूनच या गाण्याचे मोल मला अधिक वाटते: येथे यंत्र आले तरी वादक उठून गेला नाही, दोघे शेवटपर्यंत एकत्र वाजत राहिले.

दुसरे असे की, मधल्या केवळ वाद्यांच्या भागात चार मात्रांची चौकट मोडून सात मात्रांचे आवर्तन येते. आपल्या रूपक तालातही मात्रा सातच, परंतु येथे ठेका वेगळा आहे. डिस्कोवर नाचणाऱ्याचा पाय जिथे हमखास चुकेल अशी जागा मुद्दाम ठेवणाऱ्या बँडला बाजारापुढे वाकलेला कसे म्हणावे? ड्रमरला तो भाग आधी हातावर टाळी देऊन मोजायला सांगा.

उत्तर ३: पणजीचा जुना श्रोता

आपल्या ड्रमरचा आक्षेप मात्र नवा नाही. त्या काळी न्यू यॉर्कच्या पंक वर्तुळातूनही ब्लाँडीवर ‘विकले गेले’ असा ठपका आला होता. डिस्कोबद्दलचा राग किती टोकाचा होता हे १९७९ मध्येच १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दिसले. तेथे डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला गेला, जमाव मैदानात घुसला आणि त्या दिवसाचा दुसरा सामना रद्द करावा लागला. ब्लाँडीने मात्र दिशा बदलली नाही. पुढे डिस्कोचा मोठा निर्माता जॉर्जियो मोरोडर याच्यासह त्यांनी ‘कॉल मी’ केले आणि १९८० मध्ये तेही अमेरिकेत पहिले आले.

फोंड्याचा गिटारवादक

आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार. १९७५ चा डेमो ऐकवल्यावर आमचा ड्रमर बराच वेळ बोलला नाही, आणि मग त्याने सात मात्रांचा भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. ड्रम मशीन आमच्याकडे नाही, तेव्हा तो ठोका कीबोर्डवर बसवून रविवारी पहिला सराव करणार आहोत.