मदत हवी आहे : ऑनलाइन तासातील स्क्रीनशॉट आणि कॅमेऱ्याची सक्ती

नमस्कार. आमच्या शाळेत आठवीच्या जादा तासिका संध्याकाळी गूगल मीटवर होतात. प्रवेश शाळेच्या खात्यांपुरता ठेवल्यामुळे बाहेरच्यांचा शिरकाव थांबला आहे, आणि चॅट व स्क्रीन दाखवण्याची परवानगीही शिक्षकाच्याच हाती आहे. खरी अडचण वर्गातल्याच मुलांची आहे. तास चालू असताना एका विद्यार्थिनीचे स्क्रीनशॉट काढून, त्यांवर खोचक मजकूर लिहून, ते मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरवले गेले. तेव्हापासून बहुतेक मुली कॅमेरा बंदच ठेवतात. कॅमेरा सक्तीचा करावा, असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही, कारण एका खोलीच्या घरात मागे काय दिसेल याचाही मुलांना संकोच असतो.

पुरावा राहावा म्हणून तास रेकॉर्ड करायचे, तर 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. ज्यांनी असे प्रसंग हाताळले आहेत, त्यांनी कृपया सांगावे : संमतिपत्रात नेमके काय लिहिता, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता, आणि स्क्रीनशॉट फिरवणाऱ्या मुलाशी आधी वर्गशिक्षकाने बोलावे की समुपदेशकाने? त्या मुलीचे नाव चर्चेत न येता पालकसभा कशी घ्यावी, हे सर्वांत आधी हवे आहे.