कॅलेंडरमध्ये रिकामा तास ठेवून बघा
बरेच जण म्हणतात ना की दिवसाची सगळी कामं कॅलेंडरवर टाकली तरी अकरा वाजेपर्यंत सगळं कोलमडतं, माझंही अगदी तेच व्हायचं. पण यात कॅलेंडरचा दोष नाहीये हो, आपण वेळच कमी धरतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच याला प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलंय, म्हणजे मागच्या वेळी असंच काम किती लांबलं होतं हे माहीत असूनही माणूस यावेळी लवकर होईल असंच धरून चालतो.

मी ठाण्याहून ऐरोलीला कामाला जाते, ट्रान्स हार्बर लोकलने. हल्ली जे काम एका तासाचं वाटतं त्याला दीड तास टाकते आणि दुपारी ३ ते ४ मुद्दाम रिकामं ठेवते, सकाळचं जे राहिलं ते तिथे सरकवायचं, आणि काही राहिलंच नाही तर उद्याचं एखादं ओढून घ्यायचं. या एका तासाने खरंच फार फरक पडला, सहाच्या सुमाराला जी धडधड व्हायची ती गेली. डोकं लागणारं काम सकाळीच, मेल दिवसातून दोनदा, बस.

अजून एक, गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये स्पीडी मीटिंग्ज म्हणून आहे ते चालू करा, अर्ध्या तासाची मीटिंग २५ मिनिटांची आणि तासाची ५० ची लागते, मधे पाणी प्यायला तरी उठता येतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी हे कसं बसवलंय ते प्लीज लिहा, माझ्या बहिणीला हवंय.