डॉक्टरांसमोर सासूबाई ठणठणीत का वाटतात?

ताई, सासूबाई वाशीला डॉक्टरांशी छान बोलल्या म्हणून घरचे तुम्हालाच खोटं ठरवताहेत, हे वाचून फार वाईट वाटलं. त्या घरी विसरतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) ताजी आठवण बहुधा आधी जाते. गप्पा, शिष्टाचार, जुन्या गोष्टी बराच काळ टिकतात. तेवढ्यापुरतं अवसान आणता येतं, मग घरी थकवा आणि चिडचिड. आमच्या नौपाड्यातल्या आत्याचंही तसंच. शिकलेल्या माणसाला डॉक्टर घेतात त्या स्मरणशक्तीच्या ३० गुणांच्या चाचणीत चांगले गुणही पडू शकतात. गॅस चालू राहिला, गोळी दोनदा घेतली, अशा घटना तारखेसह लिहून चिठ्ठी आधीच डॉक्टरांकडे पोचवा; सासूबाईंच्या देखत सांगू नका, अपमान वाटतो. सासूबाईंकडून घड्याळाचं चित्र काढून घ्यायलाही डॉक्टरांना सुचवा. गप्पांत झाकलं गेलेलं त्यात बरेचदा दिसतं.