पोलिसांना आधी काय द्यायचं: नवी बंदूक की अंगाला बसणारं जॅकेट?

वसाहतीतली लेक (धागाकर्ती)

पोलिसांसाठी खरेदीची बातमी आली की फोटो हमखास रायफलींचे असतात आणि खाली 'आता दाखवा इंगा' छाप प्रतिक्रियांचा पाऊस. मी पोलीस वसाहतीत वाढले, बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. माझं स्पष्ट मत आहे की पैसा मोजका असेल तर तो आधी शिपायाच्या अंगावर खर्च व्हावा. जॅकेट, हेल्मेट, ढाल, नडगीचे पॅड. बंदूक त्यानंतर.

26/11 नंतर हेमंत करकरे यांच्या पत्नीने माहितीच्या अधिकारात त्यांच्या जॅकेटची चौकशी केली, तेव्हा ते जॅकेटच गहाळ झाल्याचं समोर आलं. एटीएसच्या, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाच्या, प्रमुखाच्या बाबतीत हे घडतं, तर नाक्यावर उभ्या शिपायाच्या जॅकेटची काळजी कोण घेणार? 2018 मध्ये राज्य पोलिसांनी नव्या 4,600 जॅकेटांपैकी 1,430 परत पाठवली, कारण एके-47 च्या गोळीला ती टिकली नाहीत. ही बातमी वाचून मला आधी बरंच वाटलं. निदान चाचणी तरी झाली! पण जी जॅकेटं वर्षानुवर्षं ठाण्याच्या खोलीत घडी घालून पडली आहेत, त्यांची चाचणी कोण करतं? आतली सिरॅमिकची प्लेट एकदा जमिनीवर आपटली तरी तडकू शकते. कापडाच्या आतला तडा डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी एक्स-रे काढावा लागतो. घालणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत.

थ्री नॉट थ्री

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. पण 'बंदूक नंतर' हे मला अजिबात मान्य नाही. मी खात्यात बराच काळ .303 वर, म्हणजे जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीवर काढला. एक गोळी झाडली की बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा, मग दुसरी. मॅगझिनमध्ये 10 गोळ्या. समोर एके-47, एका मॅगझिनला 30 आणि बोटाला विश्रांती नाही. 26/11 च्या रात्री सीएसटीवर आपल्या लोकांच्या हातात हीच रायफल होती. रेल्वे सुरक्षा दलाच्या एका हवालदाराने सहकाऱ्याची थ्री नॉट थ्री घेऊन गोळ्या झाडल्या आणि प्लास्टिकची खुर्चीही फेकून मारली. छातीवर जॅकेट असतं तर त्याने काय केलं असतं? आणखी थोडा वेळ उभा राहिला असता, एवढंच. प्लॅटफॉर्मवरच्या प्रवाशांना कुणी वाचवायचं?

त्याच रात्री पोलीस अधिकारी अशोक कामटेसाहेबांच्या हातात एके-47 होती आणि कसाबच्या हाताला गोळी लागली ती तिचीच. तुकाराम ओंबळे यांच्या हातात काठी होती. त्यांनी रायफलची नळी पकडून ठेवली आणि अंगावर गोळ्या झेलल्या. त्यांना अशोकचक्र मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण पोलिसाला शौर्य दाखवायला लागू नये एवढी साधनं देणं हे सरकारचं काम आहे. उत्तर प्रदेशने थ्री नॉट थ्रीला निरोप दिला तो 26 जानेवारी 2020 ला. म्हणजे मुंबईवरच्या हल्ल्यानंतर 11 वर्षांनी!

पवनाकाठ

दोघांचंही ऐकलं. आता आमच्या मावळातलं ऐका. 9 ऑगस्ट 2011, पवना धरणाच्या बंदिस्त जलवाहिनीविरोधात एक्स्प्रेसवेवर बऊरजवळ आंदोलन. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई. शेतकऱ्यांकडे कुठे एके-47 होत्या? घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला राज्य राखीव दलाच्या गोळीबारात 10 जण मेले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार अनावश्यक ठरवला, पुढे न्यायालयाने अधिकाऱ्याला दोषी धरलं. तेव्हा जुन्या बंदुकीने माणसं कमी मरतात असं मी म्हणत नाही. माझा मुद्दा एवढाच की गोळी चालवायचा हुकूम कोण देतं आणि त्याचा जाब कोण देतं, हे ठरल्याशिवाय अधिक वेगाने गोळ्या झाडणारं हत्यार आमच्यासमोर आणू नका. अतिरेक्यासाठी घेतलेली रायफल बंदोबस्तालाही येते, हे आम्ही पाहिलं आहे.

वसाहतीतली लेक

पवनाकाठ, म्हणूनच तर मी संरक्षक साहित्याचा आग्रह धरते. दगड येत असताना डोक्यावर काच फुटलेलं हेल्मेट आणि हातात वेताची मोडकी ढाल असेल तर माणूस घाबरतो. घाबरलेल्या माणसाचं बोट चापावर लवकर जातं. अंग झाकलेलं असेल तर तो आणखी थोडा वेळ थांबू शकतो. आझाद मैदानात 11 ऑगस्ट 2012 ला जमावाने पोलिसांची हत्यारंच हिसकावली. गर्दीत बंदूक पोलिसाला वाचवतेच असं नाही, हे त्या दिवशी दिसलं.

पवनाकाठ

अंग झाकलेला पोलीस काठी जास्त जोरात चालवतो असाही अनुभव आहे आमचा. पण हेल्मेटला माझा विरोध नाही. तेवढं लिहून ठेवा.

गडचिरोलीकर

शहरातली मंडळी बोलत आहेत, थोडं इकडचंही. 1 मे 2019, जांभूरखेडा. शीघ्र कृती दलाचे 15 जवान आणि गाडीचा चालक नक्षलवाद्यांच्या भूसुरुंगात गेले. जवानांजवळ हत्यारं होती, पण ज्या गाडीतून निघाले ती साधी खासगी गाडी होती. रस्ता आधी तपासला असता, पायी गेले असते, तर कदाचित वाचले असते. सी-60 या नक्षलविरोधी पथकाचे जवान मैलोन् मैल जंगल पायी तुडवतात ते याच कारणाने. इकडच्या उन्हाळ्यात अंगावर आठ-दहा किलोचं जॅकेट घालून डोंगर चढून बघा, मग कळेल जवान ते कॅम्पात का ठेवून येतो. हलकं द्या. नाहीतर खरेदी कागदावरच राहील.

दिवसपाळी (सेवेत असल्याने नाव नको)

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. भरतीत महिलांना 30 टक्के आरक्षण आहे, जॅकेट मात्र पुरुषाच्या छातीच्या मापाचं येतं. खांद्यावर सैल पडतं, काखेत फट राहते, खाली बसलं की गळपट्टी हनुवटीला लागते. वेल्क्रो झिजलेलं, म्हणून आम्ही वरून दोरी बांधतो. वाकून कमरेचं पिस्तूल काढायचं तर हात पोचत नाही. मापं घ्यायला आमच्याकडे आजवर कुणी आलेलं नाही.

आणि काका, बंदुकीचं म्हणाल तर नवी रायफल येते, पण सरावाला गोळ्या तुटपुंज्या मिळतात. फायरिंगला गेलं की निम्मं लक्ष रिकाम्या पुंगळ्या गोळा करण्यात. एक कमी भरली तर कोतात (शस्त्रागारात) जाब द्यायचा. अशा सरावावर भर बाजारात गोळी चालवायची वेळ आली तर मला त्या बंदुकीची भीती वाटेल, गुन्हेगाराची नंतर.

थ्री नॉट थ्री

पुंगळ्यांचं अगदी खरं, मीही गवतात हात घालून शोधल्या आहेत. जॅकेटचं माप, सरावाच्या गोळ्या, दोन्ही पटलं. सरावाला भरपूर गोळ्या द्या, पुंगळीच्या हिशेबाचे कागद कमी करा. पण ताई, तुमचा 'नंतर' मी अजूनही मान्य करत नाही. पहिला अतिरेकी स्टेशनात शिरतो तेव्हा फोर्स वन हे राज्याचं खास कमांडो पथक पोचलेलं नसतं. तिथे ठाण्यातला अंमलदार असतो. त्याच्या हातात चालणारी बंदूक आणि अंगावर टिकणारं जॅकेट एकाच दिवशी हवं.

वसाहतीतली लेक

एकाच दिवशी देता आलं तर माझी काहीच तक्रार नाही. पण दोन्हींचा पैसा नसेल तेव्हा काय, हे अजून तुम्ही सांगितलेलं नाही, काका.