साठा होता, तरी कुठे अडलं? बेगमीचे अनुभव

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

दर मे महिन्यात आमच्या घरी वर्षाचं धान्य भरतात. २०१९ च्या ऑगस्टमध्येही कोठीत ५० किलो तांदूळ, दोन पोती जोंधळा आणि डबाभर तूरडाळ होती. आमच्या घरात पुराचं पाणी शिरलं नाही. पण पाणी उपसणारी केंद्रंच बुडाली आणि नळ कोरडे पडले. बंगळूर महामार्ग बंद. दूध नाही, भाजी नाही, पंपावर पेट्रोल नाही. चौथ्या दिवशी आईनं तांदूळ धुवायला घेतला आणि पातेलं तसंच खाली ठेवलं. धुवायला पाणी, शिजवायला पाणी, मग भांडी घासायला पाणी. त्या दिवसापासून आम्ही भाकरीवर आलो. पीठ मळायला तांब्याभर पाणी पुरतं, आणि जेवायला परसातल्या केळीची पानं. पन्हळीखाली हंडे लावून पावसाचं पाणी धरलं, चौपदरी फडक्यातून गाळलं, उकळलं. अर्धा सिलिंडर त्या उकळण्यातच गेला. आई म्हणाली, "धान्य भरलं, पाणी कुणी भरायचं?"

तेच मनात धरून हा धागा काढतोय. साठ्याची यादी सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याकडे काय टिकलं, काय नासलं आणि सगळं असून कशापायी अडलं, ते सांगा. परसात किंवा गच्चीत जे पिकवता त्याचा अडचणीत खरंच किती आधार झाला, तेही लिहा.

सुपारीवाडी (श्रीवर्धन)

३ जून २०२०, निसर्ग वादळ. पावसाळा तोंडावर, त्यामुळे आमची आगोटीची बेगमी झालेली होती. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, चिंचेचे गोळे, सुके बोंबील नि सोडे, मीठ, लाकडं, सगळं भरलेलं. दुपारी दोन तासांत पडवीचे पत्रे गेले, माजघराची कौलं गेली आणि वरून पाऊस थेट तांदळाच्या पोत्यांवर. बरण्यांतली आमसुलं, पत्र्याच्या डब्यातली सुकी मासळी आणि कोपऱ्यात मातीत पुरलेल्या फणसाच्या आठळ्या तेवढ्या वाचल्या.

भिजलेला तांदूळ वाळवायला ऊन नाही. दोन दिवसांत आंबला असता. तेव्हा शेजारच्या आजींनी सांगितलं, वाटा आणि घावणे घाला. वीज नाही म्हणजे मिक्सर नाही, चक्कीही नाही. रगडा फक्त त्यांच्याच घरी. रात्री उशिरापर्यंत आळीपाळीनं वाटलं आणि सगळ्या वाडीनं तीन दिवस घावणे खाल्ले. लाकडं भिजली होती. चूल पेटली ती आतल्या खोलीत राहिलेल्या करवंट्या आणि नारळाच्या सोडणांवर.

वीज आमच्या वाडीत महिन्याहून जास्त दिवसांनी आली. आमच्या विहिरीवरचा रहाट वडिलांनी पंप बसवताना काढून टाकला होता. १२ हात खोल पाणी दिसत होतं आणि काढता येत नव्हतं. दोर आणि कळशी घेऊन आम्ही दुसऱ्याच्या विहिरीवर जायचो. आता रहाट पुन्हा बसवलाय. कोठीच्या वर ताडपत्री कायमची बांधून ठेवतो आणि पोती जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून लांब ठेवतो.

बागेचं म्हणाल तर माड आणि सुपारी आडवी झाली. नवा माड धरायला पाच-सात वर्षं लागतात. लागवडीसाठी बाजूला ठेवलेला सुरण मात्र त्या महिन्यात पोटात गेला. तेव्हापासून कोनफळ, करांदे आणि सुरण मुद्दाम जास्त लावतो. सुरण एक वर्ष काढला नाही तरी जमिनीत राहतो, उलट मोठा होतो.

मडगावची

आगोट वाचून घर आठवलं. आमच्याकडे ह्याला पुरुमेंत म्हणतात, शब्द पोर्तुगीज काळातला. मडगावच्या होली स्पिरिट चर्चचं फेस्त पावसाच्या तोंडावर येतं, तेच पुरुमेंताचं फेस्त. कांद्यांच्या माळा, सुक्या मिरच्या, सुके बांगडे, सोलां, जाडं मीठ. आई कांदा नेहमी माळेतच घ्यायची आणि चुलीच्या वर टांगायची. धूर लागलेला कांदा ऑगस्टपर्यंत कोंब काढत नाही. गॅस आल्यावर माळ खिडकीत गेली आणि कांदा जुलैतच सडायला लागला.

काळी जमीन (बार्शी तालुका)

माझं वय आता ७० च्या पुढं. ७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होतो.

आमच्या वाड्यापुढं पेव होतं. नव्या लोकांनी पाहिलं नसेल म्हणून सांगतो. उंचावरची, पाणी न लागणारी जागा बघून घागरीसारखा खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. तळाला आणि कडेनं कडबा लावायचा, त्यात ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, दगडाचं झाकण आणि मातीनं लिंपण. आत हवा नाही, त्यामुळं किडा जगत नाही. कडेची ज्वारी जरा काळी पडायची, वास धरायची, मधली पांढरी शुभ्र.

पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी दिवसभर तोंड उघडं ठेवायचं. मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. विझला की अजून थांबायचं. घाई करून उतरलेली माणसं पेवात गेलेली आमच्या भागात लोकांना ठाऊक आहेत.

आधीच्या वर्षी पाऊस बेताचा, ७२ ला तर नाहीच. आमचं पेव भावकीतल्या चार घरांना लागलं आणि संक्रांतीनंतर तळ दिसला. मग वडील खडी फोडायच्या कामावर. सरकारी सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो, ज्वारीसारखंच धान्य. मिलोची भाकरी थापताना तुटायची, आई रडायची.

पण एक सांगायचंय. आजीनं बियाण्याची ज्वारी वेगळ्या गाडग्यात ठेवली होती. राख मिसळून, तोंड शेणमातीनं लिंपून, देव्हाऱ्याच्या मागं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदा भुकेनं ते गाडगं मागितलं. तिनं मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "ते आपलं नाही, ते पुढच्या सालाचं आहे." त्या गाडग्यातलंच बी पुढं पेरलं.

कृष्णावारणा

काकांना नमस्कार. जागा पाणी न लागणारी हवी, हे फार महत्त्वाचं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती, वर्षानुवर्षं हळद त्यात राहायची. २००५ च्या पुरात त्यांत पाणी शिरलं आणि फार नुकसान झालं. नदीकाठच्यांनी जमिनीखाली काही ठेवू नये. आम्ही तरी आता धान्य माळ्यावर चढवतो, जूनमध्येच.

दोडकावेल (सिन्नर)

बियाण्याचं वाचून लिहितेय. गावरान बियाणं जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, त्याच्या आधीच त्यांचं काम वाचलं आणि घरचं बी धरायला लागले. वाल, घेवडा, दोडका, डांगर (लाल भोपळा), चवळी. दोडक्याची पहिली चांगली दोन फळं तोडायची नाहीत, वेलावरच सुकू द्यायची. मी हे सात वर्षं करते आणि टाळेबंदीत दुकानं बंद असताना जूनची लागवड एकही पुडी न आणता झाली. संकरित वाणाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत तसंच फळ येत नाही, म्हणून गावरानच लावा.

साठवायला डांगरासारखं पीक नाही. देठ वीतभर ठेवून कापा, ओरखडा पडू देऊ नका, माळ्यावर एकमेकांना न चिकटता ठेवा. पाच-सहा महिने ना फ्रिज लागतो, ना मीठ.

तिसरा मजला (ठाणे)

मार्च २०२० मध्ये घाबरून १० किलो रवा-मैदा आणला. मे संपेपर्यंत रव्यात जाळी आणि अळ्या झाल्या. टाकताना फार वाईट वाटलं, कारण खाली रस्त्यानं माणसं पायी गावाला चालली होती. तेव्हापासून जे रोज खातो तेच थोडं जास्त ठेवते. डब्यावर महिना लिहिते, नवं मागे आणि जुनं पुढे.

बाल्कनीतल्या बागेबद्दल खरं सांगते. त्यानं पोट भरत नाही. मेथी तीन आठवड्यांत येते, पण एका कुंडीत चौघांची एका वेळची जेमतेम भाजी. कढीपत्ता, पुदिना, ओली हळद, अळू एवढं मात्र बारा महिने असतं, आणि २०-२५ दिवस वरणभात खाताना त्या चार पानांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची जेवणावरची वासना टिकली. मोड आलेली मटकी-मूग हे त्या काळात आमचं खरं ताजं अन्न होतं.

नवी गृहिणी

कडधान्याला भुंगा लागतोच. काय करता?

वऱ्हाडची माय (अकोला)

पोरी, पहिलं म्हणजे कडक ऊन. तीन दिवस. दाणा दाताखाली कट्‍ वाजला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. वाळल्यावर गरम गरम डब्यात भरू नको, आतून घाम धरतो आणि बुरशी येते. रात्रभर सावलीत गार होऊ दे. अख्ख्या तुरीला, वालाला चाळलेली राख चोळते मी, खायच्या वेळी धुऊन घ्यायची. डाळीला एरंडेलाचा हात. गव्हात सुकवलेला कडुनिंबाचा पाला. ज्वारीत अख्खे बिब्बे टाकतात, पण फुटका नको, अंगावर उततो. शेंगदाण्याला बुरशी दिसली किंवा कडू लागला तर निवडत बसू नको, सगळे फेकून दे. त्यातलं विष भाजून जात नाही.

लातूरकर

आमचं घर किल्लारी भागात होतं. धाब्याचं, दगडमातीच्या रुंद भिंतींचं, आणि भिंतीतच बळद, म्हणजे धान्याची कोठी. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती बोळवले, ३० च्या पहाटे भूकंप झाला. माणसं गेली त्याबद्दल इथं लिहिणार नाही. वर्षाचं सगळं धान्य एकाच बळदात होतं, ते मातीत मिसळलं. मदत येईपर्यंत शेतातल्या कोठ्यावर बैलांच्या पेंडीशेजारी ठेवलेलं एक पोतं ज्वारी, त्यावर तीन घरं राहिली.

आता मी साठा तीन जागी ठेवतो. घरी, शेतात आणि बहिणीच्या गावी.

ऑस्टिनकर

फेब्रुवारी २०२१, टेक्सासमधली थंडीची लाट. आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती आणि शेगडी विजेवरची. डाळ-तांदळाचे डबे भरलेले, शिजवायला काही नाही. नळाचं पाणी उकळून प्या अशी सूचना आली आणि उकळायचं कशावर? तेव्हा कोकणातल्या सासूबाईंचे दडपे पोहे तारून गेले. कांदा, लिंबू, ओलं खोबरं, आणि पातळ पोहे त्यांच्याच ओलाव्यात मुरतात. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू. मेतकूट दह्यात कालवून मुलांना दिलं.

नंतर छोटा गॅस स्टोव्ह घेतला. तो घराबाहेरच लावतो. त्या आठवड्यात ह्यूस्टनकडे लोकांनी ऊब मिळावी म्हणून घरात कोळसा पेटवला, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली आणि कार्बन मोनॉक्साइडनं जीव गेले. कृपा करून हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचं वाचतोय, रात्री आईलाही वाचून दाखवलं. तिनं माळ्यावरचं आजीचं जातं खाली काढायला लावलं. २० वर्षं फिरलेलं नाही, दगड गुळगुळीत झालाय. टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं टोचून खरबरीत करून घ्यावी लागेल ना?

सुपारीवाडी

हो, आधी टाकी लावून घ्या. आमच्याकडे जत्रेत टाकीवाले बसतात, तुमच्याकडेही पाटा-वरवंटा विकणाऱ्यांकडे विचारा. खुंटा सैल असेल तर लाकूड भिजवून ठोका. टाकी लावल्यावर पहिल्या दोन-तीन वैरणी (जात्यात घालायच्या मुठी) कण्यांच्या घालून दळा आणि ते पीठ टाकून द्या, त्यात दगडाची कच असते. मग ज्वारी घाला, अगदी थोडी थोडी. दोघी समोरासमोर बसल्या तर हात भरून येत नाहीत.