शिंक, खोकला आणि शेजारचा माणूस : तुमचे अनुभव लिहा

थंडी सुरू झाली की लोकलमध्ये, एसटीत, बँकेच्या रांगेत सगळीकडे खोकला ऐकू यायला लागतो. करोनात आपण कोपरात शिंकायला शिकलो होतो, आता ते सगळं विसरून परत उघड्या तोंडाने शिंकणं चालू झालंय, नाहीतर तळहातात शिंकायचं आणि तोच हात वरच्या हँडलला. मी रोज डोंबिवलीहून लेडीज डब्यातून जाते, गर्दीत मान वळवायला जागा नसते हे मान्य, पण ओढणी, पदर काहीतरी तोंडासमोर येऊ शकतं ना. मला खरी अडचण येते ती सांगायचं कसं याची. रागावून बोललं की भांडण, गप्प बसलं तर घरी सासूबाईंना दमा आहे, त्यांच्यापर्यंत ते दुखणं माझ्यामार्फत पोचणार. हल्ली मी पर्समध्ये टिश्यूचं पाकीट ठेवते आणि "ताई, हा घ्या" एवढंच म्हणून पुढे करते. अजून कुणी चिडलेलं नाही. तुम्ही काय करता? तुम्ही कुणाला सांगितलं असेल, कुणी तुम्हाला सांगितलं असेल, दोन्ही लिहा.

---

मला फुप्फुसाचा टीबी झाला होता, आता पूर्ण बरा आहे. टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात, त्यामुळे तोंडावर रुमाल जितका गरजेचा तितकीच उघडी खिडकी. गोळ्या नियमित चालू झाल्या की साधारण दोन आठवड्यांत दुसऱ्याला लागण व्हायचा धोका खूप कमी होतो, पण आमच्याकडे माझं ताट-पेला कोर्स संपेपर्यंत वेगळं होतं, आणि टीबी ताटातून पसरतच नाही! ते फार लागलं होतं मनाला. आजूबाजूला कुणाचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर त्याला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायला न्या, तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपये मिळतात, आधी ५०० होते. नुसतं सीट बदलून लांब बसण्यापेक्षा त्या माणसाला हे सांगा, प्लीज.

---

एक महत्त्वाचं, चारचौघांत बरं दिसत नाही म्हणून नाक-तोंड दाबून शिंक अडवू नका. इंग्लंडमध्ये लेस्टरला एका ३४ वर्षांच्या माणसाचा घसा अशाने आतून फाटला होता, २०१८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ती केस छापली होती. असं क्वचितच होतं, पण कानावर प्रेशर येतंच. शिंक येऊ द्या, फक्त कोपरात.

---

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात कॉलेजला होते. स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला, शाळेत जाणारी मुलगी होती ती. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा, मेडिकलमध्ये मास्क संपलेले, शाळा-कॉलेज बंद. आम्ही मुली उन्हासाठी स्कार्फ बांधायचोच, तेव्हा मुलंपण रुमाल बांधून फिरायला लागली. आणि पीएमटीत कुणी शिंकलं की सगळी बस त्याच्याकडे बघायची, त्या नजरा मला अजून आठवतात. भीतीने शिस्त येते पण भीती गेली की तीही जाते, हे तेव्हाही बघितलं आणि करोनानंतरही.

---

नवऱ्याच्या नोकरीमुळे आधी टोकियो, आता जर्मनी. टोकियोत साधी सर्दी झाली तरी माणूस स्वतःहून मास्क लावून ट्रेनमध्ये चढतो, करोनाच्या कितीतरी आधीपासूनची पद्धत. पण तिथे चारचौघांत नाक शिंकरणं वाईट दिसतं, लोक नाक ओढत बसतात. इकडे जर्मनीत बरोबर उलटं, नाक ओढलं की लोक वैतागतात आणि जेवणाच्या टेबलावर खुशाल मोठ्ठ्याने नाक शिंकरतात. मला जपानी मास्क पटला, दुसऱ्याला आपलं दुखणं लागू नये म्हणून आपण लावायचा, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

---

जरा दुसरी बाजू पण ऐका. मला अ‍ॅलर्जीचा खोकला आहे, तो कुणाला लागत नाही, पण धूळ, अगरबत्ती, एसी काहीही झालं की ढास लागते आणि थांबत नाही. आता हे कपाळावर लिहून थोडंच फिरणार? डिसेंबरात सवाई गंधर्वला जाते तेव्हा मुद्दाम कडेला बसते, तोंडात ज्येष्ठमधाची काडी, आणि आलाप चालू असताना ढास आली तर मफलर तोंडावर धरून सरळ बाहेर. एकदा शेजारच्या आजोबांनी काही न बोलता खडीसाखर आणि लवंग हातावर ठेवली. त्या दिवशी मी शेवटपर्यंत बसले. खोकणाऱ्याने तोंड झाकायलाच हवं, त्यात सूट नाही, पण त्याच्याकडे गुन्हेगारासारखं बघू नका हो.

---

मी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. पोरांना भाषण देऊन काही होत नाही. मी हाताला खडूची पूड लावून खोकल्याचं नाटक केलं आणि मग तोच हात बाक, पाटी, दाराची कडी सगळीकडे लावला, पांढरे ठसे बघून पोरं गप्पच झाली. आता कुणी हातात शिंकलं की वर्गच ओरडतो "बाई, कोपर, कोपर!" आणि त्याला नळावर पिटाळतो. परवा एका मुलीची आजी सांगत आली, घरी तंबाखू मळता मळता आजोबा शिंकले तर नातीने त्यांना हात धुवायला उठवलं, आणि ते उठले. सुनेने सांगितलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, असं आजीच म्हणाली.